लग्न जमवायला काढलेलं चित्र: रोझाल्बा कारिएरा आणि मोदेनाची धाकटी राजकन्या

हेमाडपंथी

नमस्कार मंडळी, बऱ्याच दिवसांनी धागा काढतोय आणि जरा लांबलाय, चहा घेऊन बसा.

झालं असं की भाची मे महिन्यात इटली फिरून आली आणि येताना फ्लॉरेन्सच्या उफिझी संग्रहालयातून माझ्यासाठी एक पोस्टकार्ड घेऊन आली. मामाला चित्रं आवडतात एवढंच तिला माहीत, दुकानात हाताला लागलं ते उचललं. तरुण मुलीचा चेहरा, पावडर लावलेले केस, मागे महाल नाही पडदा नाही काही नाही, आणि सगळ्यावर असा एक मऊपणा की आधी मला वाटलं छपाईच फिकी झालीय. मागे बारीक अक्षरात रोझाल्बा कारिएरा, १७२३, आणि मुलीचं नाव, एनरिकेत्ता आन्ना सोफिया, मोदेना. कार्ड कॉम्प्युटरला टेकवून ठेवलं. आता दोन आठवडे झाले, ऑफिसचं काम करता करता नजर तिकडेच जाते, म्हणून शेवटी वाचायला घेतलं आणि मग काय, रात्रीचे दोन.

आधी चित्र काढणारीबद्दल. रोझाल्बा व्हेनिसची, जन्म १६७३ चा. आई लेस करायची. सुरुवातीला ही पण लेसचे नमुने काढायची असं सांगतात आणि मग लेसचा धंदा बसल्यावर तपकिरीच्या डब्यांच्या झाकणांवर चिमुकली चित्रं काढायला लागली. ती पण हस्तिदंतावर. तोपर्यंत अशी लघुचित्रं सहसा चर्मपत्रावर काढायचे, हस्तिदंतावर काढायची पद्धत हिने रुळवली. त्यातलंच एक चित्र देऊन १७०५ मध्ये रोमच्या सान लुका या चित्रकारांच्या अकादमीची सदस्य झाली. मग पेस्टल, म्हणजे रंगीत खडू. त्यात अशी गाजली की व्हेनिसला येणारा प्रत्येक श्रीमंत इंग्रज, जर्मन, फ्रेंच माणूस तिच्याकडून चेहरा काढून घेतल्याशिवाय परत जाईना. १७२० मध्ये क्रोझा नावाच्या बड्या बँकरने पॅरिसला बोलावलं, तिथे दहा वर्षांच्या लुई पंधराव्याला समोर बसवून काढलं, आणि त्याच वर्षी फ्रान्सच्या राजेशाही अकादमीने तिला सदस्य करून घेतलं. बाई, परदेशी, आणि खडूने काढणारी, तरीही.

आता गिऱ्हाईक. मोदेना म्हणजे उत्तर इटलीतलं एक छोटं संस्थान, तिथला ड्यूक रिनाल्दो द'एस्ते. हा गृहस्थ मुळात कार्डिनल होता, म्हणजे लग्नाची मुभा नसलेला बडा ख्रिस्ती धर्मगुरू. पुतण्या वारसाशिवाय गेला तेव्हा १६९४ मध्ये गादीवर बसला आणि घराणं बुडू नये म्हणून १६९५ मध्ये कार्डिनलची लाल टोपी परत करून लग्न केलं. बायको १७१० मध्ये वारली. घरात तीन लग्नाच्या मुली. १७२३ मध्ये मोठी बेनेदेत्ता २६ ची, मधली अमालिया २४ ची, धाकटी एनरिकेत्ता २१ ची. त्या काळच्या हिशोबाने तिघींचीही वेळ टळत चाललेली. मग बापाने काय केलं, तर युरोपातल्या सगळ्यात मागणी असलेल्या चित्रकर्तीला बोलावून घेतलं आणि तिघींची चित्रं काढून घेतली, स्थळांकडे पाठवायला!! एकेक नाही, प्रती काढून. म्हणून आज या बहिणी एकाच संग्रहालयात सापडत नाहीत, काही फ्लॉरेन्समध्ये, काही जर्मनीतल्या ड्रेस्डेनमध्ये, अशा पांगल्यात.

आणि यातली ग्यानबाची मेख ऐका. थोरल्या बेनेदेत्ताला चांगलं स्थळ आधीच चालून आलं होतं. इंग्लंडच्या गादीवर हक्क सांगणारा जेम्स स्टुअर्ट, बापाचं राज्य गेलेलं, हा इकडून तिकडे भटकत असताना १७१७ मध्ये मोदेनात आला. त्याची आई मोदेनाच्याच घराण्यातली, म्हणजे नात्यातलाच. बेनेदेत्ता त्याला पसंत पडली, मागणी घातली. पण इंग्लंडचा नवा राजा नाराज होईल म्हणून रिनाल्दोने पाय मागे घेतला. जेम्सने १७१९ मध्ये पोलंडच्या सोबिएस्का घराण्यातली मुलगी केली. बेनेदेत्ता राहिली ती राहिलीच.

तर १७२३ मध्ये रोझाल्बासमोर ही अशी तीन माणसं ओळीने येऊन बसली असणार. एक नकार पचवलेली, एक मधली, आणि एक ही माझ्या कार्डावरची. काढणारी स्वतः ५० वर्षांची, बिनलग्नाची, आई आणि बहिणीचं घर स्वतःच्या कमाईवर चालवणारी. मला राहून राहून त्या खोलीचा विचार येतो. काय बोलत असतील?

पुढे धाकटीचं काय झालं ती गोष्ट चित्रापेक्षा अचाट आहे, पण हात दुखले. लोकांना रस असेल तर लिहितो.

गारवेल

मस्त धागा. म्हणजे स्टुडिओत जाऊन साडी नेसून कुंडीशेजारी उभं राहून काढलेला फोटो, तोच प्रकार! आमच्या आईचा आहे तसा एक, १९७४ चा, मागे पडद्यावर रंगवलेला ताजमहाल. त्याच्या सहा कॉप्या काढलेल्या, चार परत आल्या, एक बाबांकडे राहिली आणि एकीचा पत्ता नाही, त्यावरून आई अजून बाबांना चिडवते.

प्रश्न एकच, हे चित्र खरं किती? फिल्टर लावलाय का?

अवांतर_अण्णा

जागा पकडून ठेवतो. धाकटीची गोष्ट टाका लवकर.

खडूधूळ

गारवेल, फिल्टर आहे पण तो खडूचाच आहे, आणि या विषयावर मी आता थांबणार नाहीये, आधीच माफी मागते. दहाबारा वर्षं सॉफ्ट पेस्टल करतेय, हौस म्हणूनच, पण त्यामुळे रोझाल्बाचं काम झूम करून बघितलं की पोटात गोळा येतो.

पेस्टल म्हणजे काय, तर रंगाची पूड, थोडी चॉक किंवा जिप्सम, आणि कांडी धरून राहील इतकाच डिंक. तेलरंगात रंग तेलात बुडलेला असतो, इथे तो कोरडाच कागदावर बसतो. त्यामुळे उजेड पडला की त्या कणांवरून सगळीकडे फुटतो आणि मखमलीसारखं दिसतं. कातडीला हे इतकं शोभतं की विचारू नका. हेमाडपंथींना छपाई फिकी वाटली तो हाच प्रकार. आणि त्या काळात गंमत बघा, समोरची बाई खरोखरच तोंडाला आणि केसांना पांढरी पूड फासून बसायची, आणि रोझाल्बा तिला पुडीनेच काढायची. पुडीवर पूड. यात खोटं कुठे आणि खरं कुठे तुम्हीच सांगा.

दुसरं म्हणजे कागद. ती बहुतेक वेळा निळ्या कागदावर काढायची, व्हेनिसमध्ये निळ्या चिंध्यांपासून तो करायचे. निळा अंगचाच असल्यामुळे हनुवटीखालची, मानेवरची, डोळ्यांच्या कडेची थंड सावली फुकटात मिळते, तिथे नुसतं बोटाने विरळ पुसायचं. चेहऱ्यावर ती असं पुसून पुसून सगळं एकजीव करते, रेघ म्हणून दिसत नाही. पण लेसकडे या! तिथे पुसणं बंद. पांढरी कांडी आडवी धरून कागदावरून नुसती ओढायची, दाब नाही, कागदाच्या उंचवट्यांवरच पांढरा लागतो आणि खळग्यात खालचा रंग तसाच राहतो. झाली लेस. एकेक टाका काढत बसायचं नाही. मी हे करून बघितलंय, पन्नासदा. माझी लेस भिंतीचा पोपडा वाटते. लेस करणाऱ्या आईच्या पोरीचा हात तो.

आणि सगळं संपल्यावर एक टिंब, डोळ्यातला उजेड. ते मात्र दाबून, कधीकधी पांढरा ओला करून. ते टिंब काढलं की माणूस बघायला लागतो.

काकूबाई_इंदूर

खडूधूळताई, काय सुंदर सांगितलंत हो. आता ते चित्र मोठं करून बघितलं आणि लेस दिसली तशीच. हे टिकतं कसं पण? आमच्या शाळेच्या फळ्यावरचं तर पंख्याने उडायचं.

खडूधूळ

काकू, हाच तर त्रास आहे. टिकत नाही, टिकवावं लागतं. कागद कापडावर चिकटवून चौकटीवर ताणायचा, वर काच, आणि काच चित्राला टेकता कामा नये. धक्का लागला तरी पूड सुटते. म्हणून संग्रहालयं पेस्टल सहसा बाहेरगावी पाठवत नाहीत, आणि उजेडही मंद ठेवतात.

माझा स्वतःचा किस्सा. बाबांचं एक पोर्ट्रेट केलं होतं, त्यांच्या ७० व्या वाढदिवसाला. गल्लीतल्या फ्रेमवाल्याला दहादा बजावलं की आत माउंट घाल, काच टेकवू नको. तो म्हणाला होय ताई होय ताई. त्याने काच थेट वर दाबून बसवली. पावसाळा गेला, दिवाळीच्या साफसफाईला फ्रेम उघडली तर बाबांचा डावा गाल काचेवर आणि उरलेले बाबा कागदावर, त्यात कोपऱ्यात बुरशी. बाबा म्हणाले असू दे, तसाही त्या बाजूने ऐकू कमी येतं.

आता ३०० वर्षांपूर्वी हे असलं चित्र काचेसकट घोडागाडीत घालून खडबडीत रस्त्याने दुसऱ्या देशात पाठवायचं, पलीकडे पोचेपर्यंत नाक जागेवर असलं म्हणजे मिळवली.

ठोकताळा

सगळे इतके भारावलेत म्हणून जरा उलटं बोलतो. रोझाल्बाचे चेहरे मला सगळे एकाच साच्यातले वाटतात. तेच ओठांचे कोपरे जरा वर, तीच मान कलती, तेच गाल. शंभर राजकन्या आणि एकच चेहरा. ऑर्डरप्रमाणे गोड करून द्यायची, म्हणूनच एवढी मागणी. स्थळांकडे पाठवायला बोलावलं यातच सगळं आलं की.

हेमाडपंथी

ठोकताळा, अर्धं मान्य. गिऱ्हाइकाला काय हवं ते तिला पक्कं कळायचं. पण तिने स्वतःचे चेहरे काढलेत ते बघा, तिथे गोड नाही. उफिझीतच एक आहे, त्यात ती हातात बहिणीचं चित्र धरून बसलीय. ड्रेस्डेनमध्ये एक आहे १७३०-३१ च्या सुमाराचं, त्यात स्वतःला हिवाळा म्हणून काढलंय, अंगावर पांढरी फर, चेहरा सरळ पन्नाशी ओलांडलेल्या बाईचा. ना नाक लहान केलंय ना ओठ. म्हणजे डोळ्याला दिसत होतं सगळं, हाताला पण येत होतं. मग राजकन्यांचं गोड करत होती ते न दिसल्यामुळे नाही, तेच काम होतं म्हणून.

आता धाकटीची गोष्ट. नाती नीट लक्षात ठेवा नाहीतर गोंधळ होईल.

चित्रं गेली. काही झालं नाही. १७२५ मध्ये फ्रान्सवाल्यांनी लुई पंधराव्यासाठी युरोपभरच्या शंभराच्या आसपास राजकन्यांची यादी केली आणि शेवटी पोलंडच्या राज्य गेलेल्या राजाची मुलगी केली, यावरून बाजारात माल किती होता याचा अंदाज करा. एनरिकेत्ता २५ ची झाली, घरीच.

मग शेजारच्या पार्मात फेब्रुवारी १७२७ मध्ये ड्यूक फ्रान्चेस्को फार्नेझे वारला. त्याला मूल नाही. त्याने थोरल्या भावाच्या विधवेशी लग्न केलेलं, हुंडा परत द्यावा लागू नये म्हणून. तिचं नाव दोरोथेआ सोफी, हिला विसरू नका. गादी आली धाकट्या भावाकडे, अंतोनिओकडे. हा ४७ वर्षांचा, प्रचंड लठ्ठ, खाण्यापिण्यात आणि एका काउंटेसच्या संगतीत सुखी, लग्नाचं नावही काढायचा नाही. पण आता तो फार्नेझे घराण्याचा शेवटचा पुरुष. आणि १७१८ ते २० च्या करारांमध्ये मोठ्या सत्तांनी आधीच ठरवून टाकलेलं की हा वंश खुंटला तर पार्मा जाणार स्पेनच्या राणीच्या मुलाला, डॉन कार्लोसला. ती राणी कोण, तर एलिझाबेत्ता फार्नेझे, याच दोरोथेआची पहिल्या नवऱ्यापासूनची मुलगी आणि अंतोनिओची पुतणी.

म्हणजे अंतोनिओला मूल झालं तर राज्य वाचतं, नाहीतर जातं. सगळीकडून रेटा आला, लग्न कर, लग्न कर. आणि मुलगी कुठली केली, तर मामाची! अंतोनिओची आई मोदेनाची, रिनाल्दोची सावत्र बहीण. इतकी वर्षं देशोदेशी चित्रं फिरवली आणि शेवटी पोरगी पडली आतेभावाच्या गळ्यात, ज्याला तिचं चित्र बघायची गरजच नव्हती. फेब्रुवारी १७२८ मध्ये लग्न लागलं, नवरा हजर नसताना, त्याच्या जागी प्रतिनिधी उभा करून. ती २५, तो ४८.

तीन वर्षं मूल नाही. आणि २० जानेवारी १७३१ ला अंतोनिओ गेला. मरताना मृत्युपत्रात लिहून ठेवलं की गादी माझ्या बायकोच्या पोटातल्या बाळाला.

बाकीचं जेवून येऊन लिहितो.

अवांतर_अण्णा

अहो!! असं कुठे थांबतात का? आमच्या घरी सासूसुना मालिका बघतात त्यात पण जाहिरातीआधी एवढं ताणत नाहीत.

बखरप्रेमी

हेमाडपंथी जेवेपर्यंत अवांतर. पोटातल्या बाळाच्या नावाने राज्य चालवणं म्हटल्यावर गंगाबाई डोळ्यासमोर आल्या. १७७३ मध्ये नारायणरावांचा खून झाला, गंगाबाई गरोदर, बारभाईंनी त्यांना पुरंदरावर नेऊन ठेवलं आणि जन्माला न आलेल्या मुलाच्या नावाने कारभार सुरू केला. एप्रिल १७७४ मध्ये सवाई माधवराव जन्मले आणि सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. संबंध काही नाही, पण पार्मावाल्यांची धाकधूक आपल्याला वेगळी समजावून सांगायला नको.

हेमाडपंथी

बखरप्रेमी, नेमकं. फक्त पार्मात जीव भांड्यात पडला नाही.

अंतोनिओ गेल्या गेल्या ऑस्ट्रियाच्या बादशहाचं सैन्य पार्मात येऊन बसलं. एनरिकेत्ता आणि एक कारभारी मंडळ, सगळा कारभार बाळाच्या नावाने. इकडे मोठी जाऊबाई दोरोथेआ, हिला काय वाटत असेल? हिची मुलगी स्पेनची राणी, हिचा नातू डॉन कार्लोस वाट बघत बसलेला, आणि मध्ये हे पोट. हिने सरळ मागणी केली की तपासणी करा. दुसऱ्याचंच मूल आणून ठेवतील हा संशय सगळ्यांनाच. मे महिन्यात सुईणींकडून तपासणी झाली आणि निर्वाळा आला की हो, सातवा महिना आहे. म्हणजे बाळंतपण उन्हाळा संपायच्या आत व्हायला हवं.

जुलै गेला, ऑगस्ट गेला. सप्टेंबर १७३१ मध्ये जाहीर करावं लागलं की पोटात काही नाही, कधीच नव्हतं.

त्यावर फार्नेझे घराण्याची जवळजवळ दोनशे वर्षांची पार्माची गादी संपली. वर्ष संपता संपता १५ वर्षांचा डॉन कार्लोस लिव्होर्नोच्या बंदरात उतरला. पुढे १७३४ मध्ये त्याने नेपल्स जिंकलं, पार्मातली फार्नेझ्यांची चित्रं तिकडे नेली, म्हणून ती आज नेपल्सच्या कापोदिमोन्ते संग्रहालयात बघायला मिळतात. १७५९ मध्ये तो स्पेनचा राजा झाला, कार्लोस तिसरा. हे सगळं एका न झालेल्या बाळंतपणाच्या पलीकडे.

काकूबाई_इंदूर

वाचून कसंतरीच झालं हो. आठ महिने बिचारी काय काय सोसत असेल. तपासायला दहा बाया, बाहेर सैन्य, आणि जाऊ दाराबाहेर दिवस मोजतेय. तिने मुद्दाम खोटं सांगितलं असं म्हणतात का?

पांढरी_साडी

काकू, मी लेबर वॉर्डात नोकरी केलीय २६ वर्षं, त्यावरून बोलते. मुद्दामच असायला हवं असं अजिबात नाही. खोटं गरोदरपण हा खराखुरा प्रकार आहे, पाळी थांबते, पोट वाढतं, मूल हलतंय असं बाईला जाणवतं, कधीकधी छातीत दूध सुद्धा येतं. मूल व्हायलाच हवं असा दबाव असलेल्या बायकांत जास्त दिसतं. मी दोन बघितल्यात, एकीला सोनोग्राफी दाखवली तरी तिचा विश्वास बसेना, सासूने शिव्या घातल्या आणि ती नुसती पोटावर हात ठेवून बसलेली. इंग्लंडची राणी मेरी, १५५५ मध्ये तिचंही असंच झालेलं, पाळणा तयार ठेवलेला. सुईणींना दोष देऊ नका, तेव्हा हाताने चाचपण्यापलीकडे त्यांच्याकडे काय होतं? आणि नाही म्हणायची हिंमत कोणात होती?

ठोकताळा

हे माहीत नव्हतं. पांढरी_साडी, धन्यवाद.

माझा साच्याचा मुद्दा मागे घेत नाही, पण हे वाचून आल्यावर चित्र परत बघितलं तर वेगळं दिसलं हे कबूल करतो.

मिलानकर

उशिरा येतोय. इथे राहून १४ वर्षं झाली, मोदेना ट्रेनने दीड-दोन तासांवर, पार्मा त्याच्याही अलीकडे, आणि हा किस्सा मला धाग्यावर कळतोय, शरम वाटली.

दोन गोष्टी. एक, शीर्षकात राजकन्या म्हटलंय ते चालेल पण काटेकोर बोलायचं तर ड्यूकची मुलगी, राजाची नाही. अर्थात पोरींची मावशी बादशहाची विधवा होती, व्हिएन्नाची सम्राज्ञी अमालिया, त्यामुळे मुली काही लहान घरच्या नव्हत्या.

दुसरं, ज्यांना रोझाल्बा प्रत्यक्ष बघायचीय त्यांनी ड्रेस्डेनला जावं. सॅक्सनीचा अधिपती आणि पोलंडचा राजा ऑगस्टस तिसरा तिच्यावर इतका खूष की तिची दीडशेच्या वर पेस्टल त्याने जमवली, खास दालन केलं. आज सत्तरच्या वर आहेत तिथे. व्हेनिसमध्ये का' रेझोनिको आणि अकादेमिया, दोन्ही संग्रहालयांत आहेत. मी अकादेमियातलं म्हातारपणीचं बघितलंय, स्वतःचंच, डोक्यावर पानांची वेल, चेहऱ्यावर काही म्हणता काही नाही. ते बघून बाहेर आलो आणि बायकोने विचारलं काय झालं, तर मला सांगता येईना. तिचं घर पण दिसतं, ग्रँड कॅनॉलवर, आजच्या गुगेनहाइम संग्रहालयाच्या शेजारचं. व्हापोरेत्तोतून, म्हणजे तिथल्या बोटीच्या बसमधून, दोन सेकंदात मागे पडतं, सगळे त्या वेळी गुगेनहाइमचा फोटो काढत असतात.

गारवेल

डोक्यावर वेल का पण?

मिलानकर

शोकांतिकेचं रूप म्हणून काढलंय असं म्हणतात. १७४६ च्या आसपास तिची नजर जायला लागली होती. मोतीबिंदू. त्या काळातली ऑपरेशनं झाली, भूल नाही काही नाही, थोडे दिवस दिसलं आणि मग कायमचं गेलं. तिला रंग घोटून देणारी, कापडचोपड रंगवणारी बहीण जिओव्हाना तर १७३७ मध्येच वारलेली. रोझाल्बा गेली १७५७ मध्ये.

खडूधूळ

ते डोळ्यातलं टिंब काढणारीची नजर जावी. आज इथेच थांबते मी.

अवांतर_अण्णा

हेमाडपंथी, एनरिकेत्ताचं पुढे काय? आठ महिन्यांनंतर लोकांनी काय केलं तिला?

हेमाडपंथी

तिची कहाणी तिथे संपत नाही, बरं वाटेल ऐकून. १७४० मध्ये, ३८ व्या वर्षी, तिने दुसरं लग्न केलं, हेसे-डार्मश्टाटच्या घराण्यातल्या लिओपोल्डशी. तो तिच्याहून सहा वर्षांनी लहान! पार्माजवळच्या बोर्गो सान दोन्निनोत राहिली, आता त्या गावाला फिदेन्झा म्हणतात. १७६४ मध्ये तो पण गेला. ती १७७७ च्या जानेवारीत वारली, ७४ वर्षांची होऊन.

मिलानकर, पार्मापासून ट्रेनने दहापंधरा मिनिटं आहे फिदेन्झा. तुमचा रविवार बुक झाला असं समजा.

मिलानकर

बायकोला आत्ताच सांगितलं. ती म्हणतेय तिथे आउटलेट मॉल आहे. जमलं.

काकूबाई_इंदूर

आणि थोरल्या दोघी?

हेमाडपंथी

काकू, त्यांची लग्नं झाली नाहीत. बेनेदेत्ता १७७७ मध्येच गेली, काही महिन्यांनी. अमालिया १७७८ मध्ये. तिघीही पंच्याहत्तरीच्या आसपास किंवा पुढे पोचल्या आणि दीड वर्षाच्या आत मागोमाग गेल्या.

बखरप्रेमी

म्हणजे एकाच बाईने, एकाच वर्षी, त्याच खडूंनी काढलेल्या तीन चित्रांपैकी एकीचं लग्न झालं आणि ते पण चित्रामुळे नाही.

ठोकताळा

बापाचे पैसे वाया गेले म्हणायचे.

गारवेल

ठोकताळा तुम्ही सुधारणार नाही.

हेमाडपंथी, वाचनखूण साठवली. थोरलीचं चित्र पण टाका ना इथे, धाकटीचंच किती वेळ बघायचं.

हेमाडपंथी

भाचीला विचारलं मगाशी, की बाई गं, दुकानात आणखी दोन बहिणींची कार्डं होती का बघितलंस का. ती म्हणाली मामा, तिथे बोत्तिचेल्लीचे मग, बोत्तिचेल्लीच्या पिशव्या आणि बोत्तिचेल्लीच्या छत्र्या आहेत, ही एक कुठून तरी चुकून स्टँडच्या खालच्या रांगेत होती, एकच होती, कोपरा दुमडलेला, म्हणून दुकानदाराने अर्ध्या किमतीत दिली.